दारावरची वसई

सासऱ्यांच्या पलंगावर दार आडवं टाकलं
की वसई सुरू होते.
बाथरूमचं जुनं दार, ओलीने फुगलेलं, कडीसकट.
कडी आहे तिथे आम्ही विहीर केलीय.

तट थर्माकोलचा, शेजाऱ्यांच्या फ्रिजच्या खोक्यातला.
त्यावर लाद्यांच्या फटी भरायचं ग्राउट,
ओलं असतानाच टूथब्रशने खरवडलेलं,
मग पातळ काळा रंग, जो आपल्या आपण भेगांत उतरतो.
जमीन म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा.
पाठाऱ्यांकडे महिनाभर कुणी गाळणं झटकलं नाही.
तिवरं भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरची;
रंग जमलाय का ते बघायला
कन्नमवार नगरची शेवटची गल्ली संपते तिथवर
आम्ही तिघं चालत गेलो, हातात स्क्रबर घेऊन,
आणि खाडीशी ताडून पाहिलं.
खाडी जास्त मळकी होती. आम्ही तपकिरी वाढवला.

मी पंच. मला बाजू नाही.
मला वही आहे: दारूची पोती, तांदळाच्या खंडी,
तापाने पडलेले, भरतीची वेळ.
बुधवारी दोघांचे हुकूम बंद पाकिटात येतात
आणि रविवारी मी सांगते
कुणाचा जासूद चिखलात रुतला.

उल्हास पाठारे मराठ्यांकडून. कायम घाईत.
पाऊस लागला की मोर्चे पाण्याखाली, हा नियम मीच केला,
तेव्हापासून माझ्याशी जरा तुटक बोलतो.
विल्फ्रेड रुमाव तटाच्या आत.
तो तिथलाच. येताना सुकेळी आणतो,
एक खातो, बोटं पँटला पुसतो, मगच फासा उचलतो.
"त्या साली आमचे कुठल्या बाजूला होते
हे घरात कुणालाच ठाऊक नाही," म्हणाला एकदा.
"आजोबा म्हणायचे, आपण केळी लावत होतो."

पंधरा मिलिमीटरची माणसं.
पट्टीवर चार, चार म्हणजे दोनशे.
पाठाऱ्याने बुरुजाखाली सुरुंग भरला,
तीन आठवडे भरत होता,
आणि फाशावर पडला एक.
सुरुंग उलटा फुटला. सहा पट्ट्या.
मी त्या उचलून श्रीखंडाच्या डब्यात ठेवल्या.
बाराशे माणसं, झाकण नीट लागलं.

त्या बुधवारी विल्फ्रेडच्या पाकिटात हुकूम नव्हता.
एकच ओळ:
पाव भाजणारे, न्हावी, विहिरीवरच्या बायका,
यांचा तांदूळ वहीत कुठे धरलाय?

मी पानं उलटली. पुन्हा उलटली.
चार महिने माझ्या किल्ल्यात
बंदूक नसलेलं कुणी जेवलंच नव्हतं.

रविवारी त्याने त्यांना आणलं.
उदबत्तीच्या काड्या, मेणाची डोकी, चेहरे नाहीत.
एकेक करून गल्लीत रोवले, चर्चच्या पायऱ्यांवर,
दोन कडीपाशी.
"यांना नियम काय?" पाठाऱ्याने विचारलं.
"काही करत नाहीत हे. खातात."

मग मी हिशेब परत मांडला, सगळ्यांसमोर, पेन्सिलने,
आणि तांदूळ तीन आठवडे आधीच संपला.

विल्फ्रेडने खिशातून बँडेजपट्टीचा तुकडा काढला,
बुरुजावर टाचणीने लावला.
पाठारे जिंकला होता.
तो बराच वेळ तिवरं सरळ करत बसला.
"यांना बाहेर कुठून काढायचं?" म्हणाला,
आणि स्वतःच मोर्च्याच्या दोन पट्ट्या बाजूला सरकवल्या.

साडेसातला सासरे दारात उभे, औषधाची वाटी घेऊन.
आम्ही वसई सोळा तुकड्यांत पलंगाखाली लोटली,
चहाचा चोथा चादरीवरून झटकला.

काल चादर बदलताना एक काडी निघाली.
"ही कुठली गं?" सासऱ्यांनी विचारलं.
मी वही काढली. मेलेले, तापलेले, पळालेले,
हिला रकाना नव्हता.
समासात लिहिलं:
एक. रात्री इथे होती.
तांदूळ धरावा.